पार्सल हरवलं, भरायचं कोणी?

मिक्सरची किंमत होती २,७९९ रुपये. आमच्या आत्याने तो एका मोठ्या शॉपिंग अ‍ॅपवरून मागवला, पैसे आधीच यूपीआयने भरले, आणि एका दुपारी फोनवर निरोप आला की पार्सल पोचलं. कोथरूडच्या घरी काहीच आलेलं नव्हतं. पुरावा म्हणून अ‍ॅपमध्ये एक फोटो होता: निळं दार आणि दारासमोर खोका. आत्याचं दार सागवानी, पॉलिश केलेलं. ओटीपी कोणी मागितला नव्हता. चॅटवरच्या यंत्राने ‘आमच्या नोंदीनुसार वस्तू पोचलेली आहे’ हेच वाक्य फिरवून फिरवून सांगितलं आणि संभाषण बंद केलं.

आत्या बँकेतून निवृत्त झालेली. आता आठवड्यातून एकदा ग्राहक मार्गदर्शन केंद्रावर बसते, त्यामुळे कुठे आणि कसं चिडायचं हे तिला नीट माहीत आहे. तिचा भाचा सांगलीत घरातूनच मराठी पुस्तकं विकतो, नवी आणि जुनी दोन्ही, आणि रोज पार्सलं बांधतो. एक घेणारी, एक पाठवणारा. तो पुण्यात आला आणि दोघांची जुंपली. मी मध्ये पडलो नाही, ऐकत बसलो.

भाचा: आधी वॉचमनला विचारलंस का? शेजारच्या विंगमध्ये? आमच्याकडे ‘मिळालं नाही’ म्हणून ओरड होते त्यातली कितीतरी पार्सलं दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या चपलांच्या स्टँडवर सापडतात.

आत्या: विचारलं. रजिस्टरमध्ये नोंद नाही. निळ्या दाराचा फ्लॅट आमच्या सोसायटीत एकही नाही, सगळ्या विंगा पालथ्या घातल्या. पण हे शोधकाम माझ्या गळ्यात का? पैसे मी दिले, वस्तू त्यांनी द्यायची होती. दिली नाही. विषय संपला.

भाचा: विषय तिथे सुरू होतो, आत्या. विक्रेत्याने खोका कुरिअरच्या ताब्यात दिला, त्याची पावती त्याच्याकडे आहे. १९३० चा माल विक्री कायदा काढून बघ. कलम ३९: खरेदीदाराला पाठवायचा माल वाहतूकदाराच्या हाती दिला, की तो सकृद्दर्शनी खरेदीदाराला दिला असंच मानायचं. आमच्या विक्रेत्यांच्या ग्रुपवर हे कलम सारखं फिरत असतं.

आत्या: ग्रुपवर अर्धंच कलम फिरतं. ‘सकृद्दर्शनी’ हा शब्द कायद्याने उगाच घातलेला नाही. आणि त्याच्या खालचं पोटकलम कोणी फॉरवर्ड करत नाही. मालाचं स्वरूप बघून वाहतूकदाराशी रास्त करार करणं हे विक्रेत्याचं काम. त्याने तो केला नाही आणि माल वाटेत हरवला, तर ‘मला पोचला’ असं मानायला खरेदीदार नकार देऊ शकतो. शिवाय दोघांनी आपसात वेगळं ठरवलं असेल तर तेच चालतं, असंही याच कायद्यात लिहिलंय. अ‍ॅपवर काय ठरलं होतं? या पत्त्यावर, या तारखेपर्यंत, घरपोच. भिवंडीच्या गोदामातून ट्रकमध्ये चढवला की आमचं काम झालं, असं कुठे म्हटलं होतं? कुरिअर कोणता ते मी ठरवलं का? त्याला पैसे मी मोजले का?

इथे मला राहवलं नाही, म्हणून वाचकांसाठी एक टीप. १९३० चा तो कायदा गाठी आणि पोती रेल्वेने मागवणाऱ्या व्यापाऱ्यांच्या काळातला. तेव्हा माल कोणत्या मार्गाने आणि कोणाच्या जोखमीवर पाठवायचा हे खरेदीदार व्यापारी स्वतः कळवू शकत असे. फोनवर बोट टेकवून मिक्सर घेणाऱ्या माणसाला असला पर्याय कोणी देत नाही. कलम ३९ त्याच्या अंगावर फेकणं मला तरी पटत नाही.

आत्या: आणि तू १९३० वरच का थांबलास? २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आला, त्याखाली जुलै २०२० मध्ये ई-कॉमर्सचे नियम आले. अशा प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो, त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत, निवारण एका महिन्यात. प्रत्येक तक्रारीला नंबर द्यायचा. सांगितलेल्या तारखेनंतर माल आला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकारसुद्धा देता येत नाही, पूर-भूकंपासारखं काही झालं असेल तर गोष्ट वेगळी. मग मुळात आलाच नाही तर?

भाचा: मोठ्या अ‍ॅपला हे सगळं परवडतं. माझ्यासारख्याचं बोल. चारशे रुपयांच्या पुस्तकात मला साठ-सत्तर रुपये सुटतात. एक पार्सल गहाळ झालं, मी गिऱ्हाइकाला पैसे परत दिले, की पुढची सहा पुस्तकं नुसती हमाली म्हणून विकायची. आणि माझं नुकसान मला कोण देतं? कुरिअरच्या पावतीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं की आमची जबाबदारी अमुक रुपयांपुरतीच. ते कोर्टातही टिकतं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका परदेशी पाठवलेल्या पाकिटाच्या प्रकरणात सांगितलंय, पाठवणाऱ्याने सही केली आहे, कागदावर १०० डॉलरची मर्यादा आहे, तर १०० डॉलरच मिळतील. मागणी कितीतरी पट जास्त होती.

आत्या: भारती निटिंगचा निकाल. माहीत आहे मला. पण त्यात सही कोणी केली होती? पाठवणाऱ्याने. त्या बारीक अक्षरांना बांधलेला तू आहेस, मी नाही. तुझ्या पावतीच्या मागची मर्यादा दाखवून मला गप्प बसवता येणार नाही. माझा व्यवहार तुझ्याशी, तुझा कुरिअरशी. तू मला दे आणि त्याच्याकडून वसूल कर.

भाचा: वसूल कर! बोलायला काय जातं.

आत्या: मग पोस्टाने पाठव.

भाचा: पोस्टानेच पाठवतो गं बरंचसं. १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट आलंय. ३०० ग्रॅमला २० रुपये, पाच किलोला १००. ट्रॅकिंगही आहे. जमिनीवरून जातं म्हणून वेळ लागतो, पण पुस्तकवाल्याला दुसरं काय परवडणार? दिवाळी अंक मात्र त्यात बसत नाहीत, नियतकालिक म्हणून. आता पोस्टाचं उत्तरदायित्व ऐक. १८९८ च्या जुन्या कायद्याचं कलम ६: टपाल हरवलं, चुकीच्या माणसाला दिलं, उशिरा पोचलं, फाटलं, तरी सरकार जबाबदार नाही. कर्मचाऱ्याने लबाडीने किंवा जाणूनबुजून केलं असेल तरच त्या कर्मचाऱ्यावर जबाबदारी. हे सव्वाशे वर्षं चाललं. २०२३ चा नवा कायदा जून २०२४ मध्ये लागू झाला. त्यातही मूळ सूर तोच: नियमांनी जेवढी ठरवून दिली तेवढीच जबाबदारी. स्पीड पोस्ट हरवलं तर भरपाई वर्षानुवर्षं अशी, भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा हजार रुपये, यातलं जे कमी असेल ते. पन्नास रुपये भरले तर हरवलेल्या वस्तूचे शंभर!

आत्या: विमा उतरवून पाठवायची सोय आहे की पोस्टात. ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टला पाच रुपये जादा दिले की ओटीपी घेऊनच वाटप होतं. पाच रुपये! तेवढे माझ्याकडून घे की आनंदाने.

भाचा: घेईन. आणि मग गिऱ्हाईक विचारेल, दुसरा विक्रेता फुकट पाठवतो, तुम्ही डिलिव्हरीचे पैसे का लावता?

यावर आत्याकडे उत्तर नव्हतं. तिने चहा ठेवला. फुकट घरपोच ही सवय आपणच लावून घेतली आहे आणि तिची किंमत कुठल्यातरी कोपऱ्यात कापली जाते, हे भाच्याचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही.

चहा होईतो तो जुन्या गोष्टींकडे वळला. मराठी पुस्तकांचा धंदा कित्येक दशकं व्ही.पी.वर, म्हणजे व्हॅल्यू पेएबल पोस्टवर, चालला. वाचकाने पोस्टकार्ड टाकायचं, प्रकाशकाने पुस्तक पाठवायचं, पोस्टमनने दारात पैसे घेऊन ते द्यायचं. ही सोय आपल्याकडे १८७७ पासूनची. आज ज्याला कॅश ऑन डिलिव्हरी म्हणतात ती व्ही.पी.चीच नात. तेव्हाही प्रकाशकांचं एकच रडगाणं असे: ‘व्ही.पी. परत आली.’ मागवायचं उत्साहाने आणि पोस्टमन आला की ‘घरात कोणी नाही’. जाण्या-येण्याचं टपाल प्रकाशकाच्या माथी. आजचे विक्रेते त्याला आरटीओ (‘रिटर्न टू ओरिजिन’) म्हणतात आणि तितक्याच वेळा कपाळाला हात लावतात.

भाचा: म्हणून सांगतो, गिऱ्हाईक म्हणजे साधुसंत हे डोक्यातून काढ. पार्सल घेऊन ‘मिळालंच नाही’ म्हणणारे आहेत. खोक्यातून वस्तू काढून साबणाची वडी भरून परत पाठवणारे आहेत. माझ्याकडे एका गृहस्थांनी नवं पुस्तक मागवून जुनं परत पाठवलं, आतल्या पानावर वाचनालयाचा शिक्का! म्हणून मी लिहितो, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, नाहीतर तक्रार ऐकणार नाही.

आत्या: आणि मी नाही काढणार. एका हातात कात्री, एका हातात फोन, साठीनंतर हे मला जमत नाही, हे एक. दुसरं म्हणजे, दोन-चार भामटे निघाले म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाने दारातच आपलं निरपराधपण चित्रित करायचं? माझ्या आईने आयुष्यभर वाण्याकडून सामान आणलं. पुडी कमी भरली तर तो लगेच भरून द्यायचा. त्याने कधी ‘उघडताना कोणाला साक्षीला ठेवलं होतं?’ असं विचारलं नाही.

भाचा: वाणी तिला ओळखत होता. मी तुला ओळखत नाही. मला फक्त पिनकोड दिसतो.

आत्या: आणि मला तू दिसत नाहीस, फक्त तारे दिसतात, साडेचार. पण समज, व्हिडिओ काढलाच असता. माझा खोका आलाच नाही, तर न आलेल्या खोक्याचा व्हिडिओ कसा काढायचा ते सांग!

भाचा हसला. मला वाटतं, वादाचा कणा इथेच आहे. वस्तू फुटली, बदलली, कमी आली, तर घेणाऱ्याकडे दाखवायला काहीतरी असतं. न मिळाल्याचा पुरावा मात्र त्याच्याकडे असूच शकत नाही. तसाच छोट्या विक्रेत्याकडे पिकअपच्या पावतीपलीकडे काही नसतं. दोघंही आंधळे, आणि एकमेकांना ‘तू बघितलंस का’ म्हणून विचारतात. ज्यांना दिसतं ते अ‍ॅप आणि वाहतूक कंपनी. खोका कोणत्या हबवर किती वाजता स्कॅन झाला, गोदामातून निघताना त्याचं वजन किती होतं आणि शेवटच्या हबवर किती, दारातला फोटो नकाशावर नेमका कुठे काढला, ओटीपी पाठवला की वगळला, वाटप करणाऱ्याचा त्या दिवशीचा मार्ग कोणता, हे सगळं त्यांच्याकडे नोंदलेलं असतं. दीड किलोचा खोका पुण्याच्या हबवर सहाशे ग्रॅमचा झाला असेल, तर चोर कोथरूडच्या अलीकडे आहे हे कळायला पोलीस लागत नाहीत. ही नोंद मागितल्याशिवाय कोणी देत नाही, आणि ती मागायचं बहुतेकांना सुचत नाही.

भाचा: ते खरं. मी वजनाची नोंद मागतो, तेव्हाच कुरिअरवाले जरा सरळ बोलायला लागतात. पण पत्त्याचंही बघ. लोक पत्ता काय लिहितात? ‘मारुतीच्या देवळाजवळ, पुणे.’ पुण्यात मारुती किती! आणि पिनकोडचा एक आकडा चुकला की गंमत. ४११ च्या जागी ४१४ पडलं की खोका पुण्याऐवजी अहिल्यानगरच्या वाटेला. पट्ट्यावरचं यंत्र पिन वाचतं, गावाचं नाव नाही.

आत्या: पिनकोडला नावं ठेवू नकोस. तो दिला आपल्याच श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, १५ ऑगस्ट १९७२ ला. संस्कृतचे पंडित आणि पोस्टातले अधिकारी. देशभर सारख्याच नावाची गावं, दहा लिप्यांतले पत्ते, त्यातून वाट काढायला सहा आकडे. पहिला विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या कार्यालयाचे.

भाचा: नावं नाही ठेवत. पण वेलणकरांच्या व्यवस्थेत शेवटच्या टप्प्यावर बीट ओळखणारा पोस्टमन होता. त्याला निळं दार कोणाचं आणि सागवानी कोणाचं हे पाठ. आता आज एक मुलगा, उद्या दुसरा. पार्सलमागे पैसे मिळतात, दिवसाला ढीगभर खोके, लिफ्ट बंद, वॉचमन आत सोडत नाही. मग तो काय करतो? ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असं बटण दाबतो, नाहीतर तळमजल्यावर कुठेतरी ठेवून फोटो काढतो. तू त्या मुलाला फोन करून झापलंस, हो ना?

आत्या: फोन केला. झापलं नाही. त्याने आधी हेच विचारलं, ‘मॅडम, माझ्या पैशातून कापतील का?’ मग मीच गप्प झाले. त्याचं कापून मला माझे २,७९९ नकोत. पण म्हणूनच मी त्याच्या मागे लागत नाही, कंपनीच्या मागे लागते. नवी सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली, अशा कामगारांची व्याख्या कायद्यात पहिल्यांदा तिने आणली. तो कंपनीचा माणूस नाही, भागीदार आहे, असं म्हणून हात झटकायचे आणि चूक झाली की मात्र त्याच्याकडे बोट दाखवायचं, हे मला मंजूर नाही.

एवढ्या एका मुद्द्यावर दोघांचं एकमत झालं आणि चकल्या संपल्या.

मग आत्याने प्रत्यक्षात काय केलं? चॅट बंद करून तिने लेखी तक्रार केली. साइटच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात असलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या पत्त्यावर ईमेल: ऑर्डरचा नंबर, पैसे भरल्याचा पुरावा, निळ्या दाराच्या फोटोचा स्क्रीनशॉट, स्वतःच्या दाराचा फोटो. त्याखाली चार प्रश्न. फोटो कुठे काढला? ओटीपी का घेतला नाही? सही कोणाची आहे? प्रत्येक हबवरचं वजन किती? भाच्याने तो मजकूर वाचला आणि स्वतःच्या धंद्यासाठी उतरवून घेतला. कुरिअरला विचारायला हेच प्रश्न बरे, म्हणाला.

भाचा: कार्डाने पैसे भरले असतेस तर बँकेकडून चार्जबॅक मागता आला असता.

आत्या: बँकेत जन्म गेला माझा, मला सांगतोस? यूपीआयने व्यापाऱ्याच्या खात्यात गेलेले पैसे मागणं तितकं सोपं नाही. महागाची वस्तू आता कार्डानेच घेणार. आणि अजून एक. तक्रार केल्यावर मला मेसेज आला: ‘तुमचं पार्सल पत्ता अपूर्ण असल्याने थांबलं आहे, या लिंकवर पाच रुपये भरा.’ पार्सल हरवलेल्या माणसाला हा मेसेज म्हणजे देवच भेटल्यासारखं वाटतं. मी तो उडवला. पोस्टाच्या नावाने असे मेसेज सर्रास फिरतात. कोणी पैसे भरून बसलंच, तर तडक १९३० ला फोन करायचा, सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन.

भाचा: पुन्हा १९३०! कायदाही तोच, फोनही तोच.

आत्याची पुढची पायरीही ठरलेली होती, ती लागली नाही. ईमेलला महिन्याभरात दाद मिळाली नसती तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनी बंगळूरची असो की गुरुग्रामची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि आता घरबसल्या ऑनलाइन दाखल करता येते. तीन हजारांच्या मिक्सरसाठी एवढं कोण करतं, असं भाचा म्हणाला. कोणी करत नाही हे कंपनीलाही माहीत असतं, असं आत्या म्हणाली.

माझं मत विचाराल तर पैशांच्या बाबतीत आत्या बरोबर आहे. वस्तू घेणाऱ्याच्या हातात पडेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची, मग तो अ‍ॅप असो की सांगलीतला भाचा. पण छोट्या विक्रेत्याने ती जोखीम उचलायची, तर वाहतूक कंपन्यांनी पावतीमागच्या शंभर-दोनशे रुपयांच्या मर्यादेआड लपणं थांबलं पाहिजे. नियमांत पोच ४८ तासांत देण्याचं बंधन घातलं, तसंच तक्रार होताच फोटोचं ठिकाण, वजनं आणि ओटीपीची नोंद दोन्ही बाजूंना दाखवण्याचं बंधन घालायला हवं. ते घातलं जात नाही तोवर ही नोंद आपणच मागायची आहे, आणि लेखी. फोनवर बोललेल्याचा उपयोग नाही. तुमचं एखादं पार्सल असंच ‘पोचलेलं’ दाखवत पडलं असेल, तर ऑर्डरचा नंबर शोधा आणि ईमेल लिहा. आयोगात जायची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. अ‍ॅपवरचा फोटो मात्र तेवढे दिवस राहीलच असं नाही, त्याचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा.